मांजराचा खुबा निखळला तर काय करायचं: पहिल्या तासापासून ऑपरेशननंतरच्या पिंजऱ्यापर्यंत

कोल्हापुरात गल्लीतल्या मांजरांना रोज खायला घालणारी माणसं पेठापेठांत हायेत आणि आता फ्लॅटमध्ये मांजर पाळणारीही भरपूर झालीत. पण मांजर गाडीखाली सापडलं किंवा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतनं खाली आलं आणि मागचा एक पाय उचलून तीन पायांवर चालायला लागलं की सगळ्यांची गडबड उडते. कोण म्हणतंय मुरगळला असेल, दोन दिवस बघूया, कोण म्हणतंय तालमीत न्या, वस्ताद बसवतील, कोण म्हणतंय मांजर लई चिवट असतंय आपोआप होईल. ह्या सगळ्यात चार-पाच दिवस जातात आणि खुब्याच्या बाबतीत नेमके तेच दिवस मोलाचे असतात. म्हणून ओळखायचं कसं, डॉक्टरला काय विचारायचं, ऑपरेशनं कुठली असतात आणि नंतर घरी काय करायचं ते सगळं एकदाच सविस्तर लिहितोय. ऑपरेशन अर्थातच सर्जननंच करायचं, पण ते नीट टिकवायचं काम आपलं असतंय.

आधी आत काय होतंय ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो आणि तो कमरेच्या हाडातल्या खोल खोबणीत बसलेला असतो, शाळेत शिकलेला उखळीचा सांधा तो हाच. गोळ्याला खोबणीशी बांधणारा एक आखूड अस्थिबंध आत असतो, बाहेरनं सांध्याची पिशवी असते आणि वर पुठ्ठ्याचे दणकट स्नायू. जोरात मार बसला की तो अस्थिबंध तुटतो, पिशवी फाटते आणि गोळा खोबणीबाहेर येतो. बहुतेक वेळा तो वर आणि पुढच्या बाजूला सरकतो कारण स्नायू त्याला तिकडंच ओढतात. त्यामुळं तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो, शरीराखाली आत ओढल्यासारखा राहतो आणि पंजा-गुडघा बाहेरच्या बाजूला वळलेले दिसतात. क्वचित गोळा खाली सरकतो, तेव्हा पाय उलट लांब दिसतो आणि बाहेर फाकलेला राहतो. हे फरक डॉक्टरला सांगायला उपयोगी पडतात पण एवढ्यावरनं घरी निदान करू नका, कमरेचं हाड मोडलं तरी मांजर असंच लंगडतंय आणि वर्षाच्या आतल्या पिल्लात सांधा निखळण्याऐवजी गोळाच वाढीच्या पट्टीतनं (हाड जिथनं वाढतं त्या मऊ भागातनं) तुटून सरकलेला असू शकतो, बाहेरनं दोन्ही सारखंच दिसतं आणि उपचार मात्र एकदम वेगळे.

दोन गोष्टी खुब्यासारख्या वाटतात पण त्या वेगळ्या आणि जास्त गंभीर हायेत. पहिली, काही लागल्याचं निमित्त नसताना मागचा एक किंवा दोन्ही पाय अचानक लुळे पडले, मांजर कळवळून ओरडतंय, पंजे गार लागतायत आणि पायाच्या गाद्या फिकट किंवा निळसर दिसतायत, तर हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी मागच्या पायांच्या रक्तवाहिनीत अडकलेली असू शकते. त्याला सकाळपर्यंत थांबायचं नसतं, त्याच मिनिटाला निघायचं. दुसरी, शेपूट दोरीसारखी लोंबतेय आणि मांजर लघवीच करत नाही, तर शेपटीच्या मुळाशी मज्जातंतूंना मार लागलेला असतो आणि मूत्राशय तुंबतं. हेही डॉक्टरला आपणहून सांगा, पायाच्या नादात शेपटीकडं कुणाचं लक्ष जात नाही.

पहिला तास

पाय ओढायचा नाही, सरळ करून बघायचा नाही, पट्टी लावून काठीला बांधायचा नाही. खुब्याच्या वर बांधायला जागाच नसते त्यामुळं पट्टी फक्त खालच्या पायाला वजन देते आणि तो गोळा अजून हलवते. वस्तादांबद्दल मला पूर्ण आदर हाय, पैलवानाचा खांदा बसवणारी माणसं कोल्हापूरच्या तालमींनी पिढ्यान् पिढ्या घडवलीत, पण पैलवान दात-ओठ खाऊन अंग सैल सोडतो आणि मांजर ते करूच शकत नाही. जागं मांजर दुखलं की सगळे स्नायू ताठ करतंय, त्या ताकदीविरुद्ध ओढलं तर गोळ्याची कड तुटते, मांडीमागच्या मोठ्या नसेला इजा होते, आणि आत आधीच कुठंतरी हाड मोडलेलं असेल तर ते सुटून फिरतंय. भूल दिल्याशिवाय मांजराचा खुबा बसवायला कुणालाही देऊ नका, माणूस कितीही अनुभवी असला तरी.

उचलताना जाड टॉवेल किंवा गोधडी वरनं टाका, डोकं झाकलं की मांजर जरा शांत होतंय, मग दोन्ही हात खालनं घालून सपाट उचला आणि दुखरा पाय वरच्या बाजूला येईल असं कुशीवर ठेवा. कॅरियर नसेल तर भाजीची दोन प्लास्टिकची क्रेटं एकावर एक उलटी ठेवून दोरीनं बांधा, लई चांगली सोय होते, हवा जाते आणि वरनं उघडता येतं म्हणजे दवाखान्यात मांजर ओढून काढावं लागत नाही. तळाला प्लायवूडचा तुकडा किंवा मोठा ट्रे आणि त्यावर जुनी चादर. गाडीवर मांडीत घेऊन जाऊ नका, रिक्षा करा, आणि रिक्षावाल्या मामांना आधीच सांगा की जखमी जनावर हाय, खड्डे बघून घ्या.

आणि तुमच्या रोजच्या लाडाचं मांजर असलं तरी ह्या अवस्थेत ते चावू शकतं. चावलं किंवा नखानं ओरबाडून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळच्या दवाखान्यात जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचं विचारा. मांजराच्या दाताची जखम वरनं सुईच्या टोकाएवढी दिसते पण आत खोल जाते आणि लवकर पिकते, त्यामुळं अंगावर काढायची नाही.

दुखतंय म्हणून घरातली गोळी द्यायची नाही, हे मी मोठ्यानं सांगतोय. पॅरासिटामॉल मांजराला विष हाय. मांजराच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही, रक्तातल्या लाल पेशी ऑक्सिजन वाहायच्या बंद होतात, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं आणि मांजर जातं, आणि त्याला एक अख्खी गोळीसुद्धा लागत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन, काहीच नाही. दुखण्याचा बाम चोळायचा नाही कारण ते चाटणारच. जखमेवर डेटॉल ओतायचं नाही, तेही मांजरांना बाधतं. वरनं रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, बास. डॉक्टर मेलॉक्सिकॅम देतात ते थेंबाच्या हिशेबात, वजन आणि किडनी बघून, त्यामुळं मागच्या वेळची उरलेली बाटली काढून मनानं देऊ नका. आणि निघताना खायला घालू नका, भूल द्यायची वेळ आली तर पोट भरलेलं असणं धोक्याचं.

कुठल्या डॉक्टरकडं

आपला जिल्हा दुधाचा, त्यामुळं गावोगावचे जनावरांचे डॉक्टर गाई-म्हशीत तरबेज असतात, अडलेली म्हैस रात्री दोन वाजता सोडवतील, पण मांजराची भूल आणि मांजराची हाडं हे काम वेगळं हाय. जवळच्या डॉक्टरकडं जाऊन आधी जीव वाचवायचे उपचार घ्याच, सलाईन, दुखण्याचं इंजेक्शन, ऑक्सिजन, हे कुणीही चांगला डॉक्टर करू शकतो. पण खुब्यासाठी स्पष्ट विचारा की तुम्ही मांजराला गॅसची भूल देता का, एक्स-रे इथंच होतो का, आणि हाडाची ऑपरेशनं तुम्ही स्वतः करता की बाहेरनं सर्जन बोलावता. बाहेरनं सर्जन येणं काही कमीपणाचं नाही, बऱ्याच शहरांत तसंच चालतं, फक्त तो कधी येणार हे त्याच दिवशी कळलं पाहिजे. इथं जमणार नसेल तर सांगली-मिरज, बेळगाव, पुणे असं बघावं लागतं. सरकारी कॉलेजमध्ये शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय हाय, पुण्याला जातानाच लागतं, आणि मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. निघायच्या आधी फोन करून सर्जरीचा विभाग कुठल्या दिवशी चालू असतो ते विचारून घ्या, एवढा प्रवास करून रविवारी दारात उभं राहायला नको.

दवाखान्यात गेल्यावर लगेच पायाचं काही करत नाहीत म्हणून चिडू नका. गाडीची धडक बसलेल्या मांजराचा पाय दुय्यम असतो. आधी श्वास, हिरड्यांचा रंग, अंगाचं तापमान बघतात, छातीचा एक्स-रे काढतात कारण फुप्फुसाभोवती हवा भरलेली असू शकते किंवा छाती-पोटामधला पडदा फाटून आतडी वर गेलेली असू शकतात, आणि अशा मांजराला घाईनं भूल दिली तर ते टेबलावरच जायचं. तोंड उघडं टाकून धापा टाकणारं मांजर म्हणजे नेहमी इमर्जन्सी समजा. मूत्राशय फुटलंय का तेही बघतात, म्हणून मांजरानं शेवटची लघवी कधी केली हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. अंग स्थिर होईपर्यंत एक दिवस गेला तर खुब्याचं फार बिघडत नाही.

मग खुब्याचा एक्स-रे. दोन बाजूंनी हवाच, एक कुशीवर झोपवून आणि एक उताणं झोपवून दोन्ही पाय धरून. एकाच बाजूच्या फिल्मवर गोळा खोबणीत असल्यासारखा दिसू शकतो. उताणा एक्स-रे जाग्या मांजराचा नीट येत नाही त्यामुळं गुंगीचं औषध देतो म्हणाले तर हो म्हणा. फिल्मचा स्वच्छ फोटो किंवा डिजिटल फाईल मोबाईलवर मागून घ्या, दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायचं असेल तर व्हॉट्सअॅपवर पाठवता येतं आणि मांजराला पुन्हा हलवावं लागत नाही.

चिरफाड न करता बसवणं

फिल्मवर हाड कुठं मोडलेलं नाही, खोबण व्यवस्थित हाय आणि इजा ताजी हाय, तर आधी हाच प्रयत्न करतात. पूर्ण भूल देऊन स्नायू सैल पडले की डॉक्टर पाय ओढून, फिरवून गोळा खोबणीच्या कडेवरनं आत सरकवतात, बसताना हाताला खट्ट जाणवतं. मग गोळा खोबणीत दाबून धरून सांधा बऱ्याच वेळा फिरवतात म्हणजे आत साठलेलं रक्त, फाटलेल्या पिशवीचे तुकडे बाजूला होतात, आणि भूल उतरायच्या आत परत एक्स-रे काढून खात्री करतात. हा दुसरा एक्स-रे वाचवू नका.

पहिल्या दोन-तीन दिवसांत हे सोपं जातं. चार-पाच दिवस उलटले की स्नायू आखडतात, खोबणीत चिवट पेशीजाळ भरायला लागतं, आणि मग गोळ्याला आत जायला जागाच राहत नाही. वेळेत केलं तरी साधारण निम्म्या केसेसमध्येच तो टिकतो, निम्म्यांत परत निसटतो, हे आधीच मनात धरून चला म्हणजे परत निसटला तर डॉक्टरला दोष देत बसणार नाही. कुत्र्याला अशा वेळी पाय दुमडून आठच्या आकड्यासारखी पट्टी बांधतात पण मांजरं ती सहन करत नाहीत, दुसऱ्या दिवशी काढून टाकतात किंवा ती घसरून मांडीला काचते, त्यामुळं बरेच डॉक्टर मांजराला नुसता पिंजऱ्याचा आराम देतात. पट्टी बांधलीच असेल तर बोटं सुजलीत का, गार पडलीत का, वास येतोय का हे सकाळ-संध्याकाळ बघायचं आणि तसं काही दिसलं तर त्याच दिवशी सोडवून घ्यायची.

गोळ्याचा किंवा खोबणीचा तुकडा उडालेला असेल, कमरेचं हाड मोडलेलं असेल, खोबण जन्मतःच उथळ असेल, इजा जुनी असेल किंवा एकदा बसवलेला परत निसटला असेल तर हा प्रयत्न करण्यात अर्थ नसतो, सरळ ऑपरेशन.

ऑपरेशनं कुठली असतात

दोन रस्ते हायेत, एक सांधा जागेवर बसवून तो बांधून ठेवायचा आणि दुसरा सांध्यातला गोळाच काढून टाकायचा. ह्यातला कुठला निवडला त्यावर नंतरची सगळी काळजी अवलंबून असते, आणि ह्याच ठिकाणी लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतोय, म्हणून नीट वाचा.

बांधण्याच्या प्रकारात सगळ्यात ओळखीचं म्हणजे टॉगल. सर्जन सांधा उघडतात, खोबण साफ करतात, मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूनं गोळ्यापर्यंत एक बारीक बोगदा पाडतात आणि खोबणीच्या तळाला एक भोक. धातूचा छोटा आडवा तुकडा त्या भोकातनं पलीकडं सरकवला की तो शर्टाच्या बटणासारखा अडकून बसतो, त्याला जोडलेला मजबूत धागा बोगद्यातनं बाहेर आणून हाडावर ताणून बांधतात. म्हणजे तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी धागा आला. पण हा धागा जन्मभर टिकावा अशी अपेक्षाच नसते, काही आठवड्यांत भोवतीची फाटलेली पिशवी घट्ट भरून येते आणि मग गोळा ती धरून ठेवते. धागा नंतर तुटला तरी बहुतेक वेळा काही होत नाही. ह्यावरनंच कळेल की पहिले आठवडे मांजराला पिंजऱ्यात का ठेवायचं, तेवढा वेळ सगळा भार त्या एका धाग्यावर असतोय.

दुसरा प्रकार, सांध्याच्या आत काही न घालता बाहेरनं, म्हणजे खोबणीच्या पुढच्या कमरेच्या हाडापासून मांडीच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत जाड धागा बांधायचा, तो पाय बाहेर वळू देत नाही आणि गोळा आत राहतो. पिशवीचे काठ चांगले शिल्लक असतील तर ती शिवतातच, बऱ्याचदा दोन्ही मिळून करतात. आणि तिसरा, एक बारीक पिन मांडीच्या हाडातनं गोळ्यातनं थेट खोबणीत घालून सांधा तात्पुरता खिळवून ठेवायचा. मांजर हलकं असल्यामुळं त्यांच्यात ही पिन वापरतात, पण ती दोन-चार आठवड्यांनी काढावी लागते म्हणजे परत भूल आली, आणि तोपर्यंत मांजरानं उडी मारली तर पिन वाकते, तुटते किंवा सरकते. पिनचं ऑपरेशन ठरत असेल तर ती काढायची तारीख आणि खर्च दोन्ही आधीच विचारा.

आता गोळा काढण्याबद्दल. ह्याला डॉक्टर एफएचओ म्हणतात. मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याची मान कापून काढतात, हाडाची टोकं एकमेकांवर घासायची थांबतात, आणि त्या जागेत स्नायू आणि चिवट पेशीजाळ मिळून एक खोटा सांधा तयार होतो. ऐकायला भयंकर वाटतं, हाडच काढून टाकणार म्हटल्यावर घरातली बाई-माणसं रडायला लागतात मी बघितलंय, पण मांजराच्या बाबतीत हे खरोखर चांगलं ऑपरेशन हाय. मांजर हलकं असतं, पुठ्ठ्याचे स्नायू ताकदीचे असतात, त्यामुळं बरीचशी मांजरं नंतर पळतात, कट्ट्यावर चढतात, पाय किंचित आखूड राहतो पण तो आपल्यालाच माहीत असतो. गोळा मोडलेला असेल, इजा जुनी असेल, बांधलेला सांधा परत निसटला असेल, किंवा दोनदा-तीनदा खर्च करणं शक्य नसेल, तेव्हा हा रस्ता घ्यायला अजिबात वाईट वाटून घेऊ नका. फक्त काप स्वच्छ पाहिजे, मानेचा तुकडा मागं राहिला तर तो टोचत राहतो आणि मांजर पाय टेकत नाही, म्हणून ऑपरेशननंतरचा एक्स-रे इथंही मागायचाच.

माझं मत विचाराल तर ताजी, स्वच्छ इजा असेल आणि टॉगल नियमित करणारा सर्जन मिळत असेल तर सांधा वाचवायचा प्रयत्न करावा. पण टॉगल कधीमधी करणाऱ्यापेक्षा एफएचओ नेहमी करणारा हात मी निवडेन. पूर्ण कृत्रिम खुबा बसवण्याचं ऑपरेशनही मांजरात होतं, पण ते मोजक्या ठिकाणी आणि महाग, त्याच्या शोधात आठवडा घालवू नका.

ऑपरेशन ठरवताना डॉक्टरसमोर विचारायच्या गोष्टी कागदावर लिहून न्या, ऐन वेळी सुचत नाही. तुम्ही कुठलं ऑपरेशन करणार आणि ह्या मांजराला तेच का. आत गेल्यावर गोळा किंवा खोबण खराब निघाली तर लगेच एफएचओ करायला माझी परवानगी आत्ताच घेऊन ठेवणार का, कारण दुसऱ्यांदा भूल देण्यापेक्षा ते बरं. परत निसटला तर पुढं काय आणि त्याचा खर्च वेगळा का. रात्री दवाखान्यात कोण असतं. दुखण्याची औषधं किती दिवस. खर्चाचा अंदाज लेखी द्या म्हणायला लाजू नका, एक्स-रे, भूल, औषधं, टाके काढणं सगळं धरून, चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही. आधी रक्ताची तपासणी करतात, त्यात रक्ताचं प्रमाण आणि किडनी-यकृत बघतात. उपाशी किती तास ठेवायचं ते डॉक्टर सांगतील तेवढंच, लहान पिल्लाला जास्त उपाशी ठेवलं तर साखर उतरते.

घरी आणल्यावर

कुत्र्यासाठी मिळतो तो मध्यम आकाराचा घडीचा पिंजरा सगळ्यात चांगला, विकत नको असेल तर ओळखीत मागा. त्यात अंथरूण, पाण्याची वाटी आणि लघवी-संडासचा ट्रे बसला पाहिजे, मांजराला उभं राहून वळता आलं पाहिजे, पण उडी मारायला उंची नको, फार उंच असेल तर वरच्या भागात पुठ्ठा आडवा लावा. ट्रेची कड बुटकी पाहिजे, नसेल तर प्लास्टिकचा ट्रे एका बाजूनं कापून कड घासून घ्या. टाके निघेपर्यंत ट्रेमध्ये मातीची लिटर (मांजराच्या संडाससाठी विकत मिळते ती) नको, वर्तमानपत्राच्या पट्ट्या घाला म्हणजे जखमेला काही चिकटत नाही. तळाला घसरणारी फरशी नको, जाड सतरंजी टाका, घसरलं की पाय फाकतो आणि तेच नको असतं.

जून ते सप्टेंबर आपल्याकडं कपडे वाळत नाहीत हे माहीतच हाय, त्यामुळं पावसाळ्यात ऑपरेशन झालं असेल तर अंथरुणाच्या चार-पाच घड्या आधीच वाळवून ठेवा. ओलं अंथरूण आणि ताजे टाके एकत्र नकोत. पिंजरा भिंतीपासून जरा लांब, जमिनीवर न ठेवता फळीवर.

जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालतात ती फनेलसारखी कॉलर चोवीस तास. खाताना तुमच्या डोळ्यासमोर काढायची आणि खाऊन झालं की लगेच घालायची. मांजराची जीभ खरखरीत असते, अर्ध्या तासात टाके उसवते. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोपर्यंत जखमेवर हळद, तेल, पावडर काहीच लावायचं नाही, फक्त रोज एकदा बघायचं आणि फोटो काढून ठेवायचा, म्हणजे सूज वाढतेय की उतरतेय ते कळतं.

खाणं. भूल आणि दुखण्यामुळं मांजर पहिल्या दिवशी कमी खातं, ते चालतंय, पण पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरला कळवा, दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या, त्यातही जाड मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि खुबा राहतो बाजूला. कोमट करून दिलं की वासानं खातं. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, हाडं काढून. घरी मटण केलंय म्हणून पांढऱ्या रश्श्यातला तुकडा देऊ नका, कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, आणि तुकडा धुतला तरी मसाला आत मुरलेला असतोय. आणि दूध, आता गंगावेशीतल्या दूध कट्ट्याच्या गावात हे सांगणं कठीण हाय, पण बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, पातळ संडास होते आणि मागच्या पायाच्या जखमेला लागते. पाणी द्या.

आता तो महत्त्वाचा फरक. टॉगल, बाहेरचा धागा किंवा नुसतं बसवलेलं असेल तर चार ते सहा आठवडे कडक पिंजरा, पिन असेल तर पिन निघेपर्यंत आणि नंतरही डॉक्टर सांगतील तेवढे दिवस. दहाव्या दिवशी मांजर एकदम बरं दिसतं, ओरडतं, दार खाजवतं, घरात कुणाला तरी दया येते आणि ते अर्धा तास सोडतात, आणि मांजर सोफ्यावर उडी मारतंय. घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा हे समजावून सांगा आणि पिंजऱ्याच्या दाराला साधी क्लिप लावा.

एफएचओ असेल तर उलट. पहिले काही दिवस जखमेचा आराम, मग लवकर हालचाल, कारण पाय वापरला तरच खोटा सांधा मोकळा तयार होतो, नाही वापरला तर स्नायू सुकतात आणि सांधा आखडून बसतो. डॉक्टरनी हो म्हटल्यावर मांजराला कुशीवर झोपवून, दुखण्याचं औषध दिल्यावर तासाभरानं, गुडघ्याच्या वर हात धरून पाय हळू मागं न्यायचा, क्षणभर थांबायचं, पुढं आणायचा, दहा-पंधरा वेळा, दिवसातनं दोन-तीनदा. कान मागं गेले, शेपूट आपटायला लागलं, वळून बघितलं की तिथंच थांबायचं, जबरदस्ती केली तर ते मांजर तुम्हाला परत पायाला हात लावू देणार नाही. खाण्याची वाटी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा म्हणजे आपोआप चालतं. उड्या आणि जिने मात्र इथंही लगेच नकोत. एक-दोन आठवड्यांत पाय टेकायला लागतं, चांगली चाल यायला दीड-दोन महिने धरा. तोपर्यंत वजन वाढू देऊ नका.

फोन कधी करायचा: टेकणारा पाय अचानक परत उचलून धरला, पाय परत आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय, जखमेतनं पू किंवा पाणी येतंय, चोवीस तासांत लघवी नाही, हिरड्या पांढऱ्या, किंवा मांजर कोपऱ्यात तोंड घालून बसलंय आणि हाक मारली तरी बघत नाही. परत निसटला असेल तर तो बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतच निसटतो, आणि तेव्हाही पहिल्या वेळेसारखंच, लवकर नेलं तर जास्त पर्याय असतात.

मांजर गल्लीतलं असेल तर ऑपरेशन ठरवायच्या आधी एक प्रश्न सोडवा, पुढचे सहा आठवडे ते कुणाच्या घरी राहणार. वर्गणी लगेच जमते, पिंजरा ठेवायला जागा कुणी देत नाही. जागा नसेल तर डॉक्टरशी एफएचओबद्दलच बोला, कारण धागा बांधून आठव्या दिवशी मांजर परत रस्त्यावर सोडणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा जखमी करणं हाय. तीन-चार जणांनी मिळून आठवडे वाटून घ्यायचे तर पिंजरा आणि मांजर एकाच घरी ठेवा आणि माणसं बदला, मांजर घरोघर फिरवू नका.

शेवटच्या एक्स-रेनंतर डॉक्टरनी मोकळं सोडायला सांगितलं की एका खोलीपासून सुरुवात करा, मग घर, मग जिना. गॅलरीला कबुतराची जाळी मारतात तीच, पण चांगली ताणून आणि खालच्या कडेला फट न ठेवता, मांजर डोकं घालून बघतंयच. बोका असेल आणि नसबंदी राहिली असेल तर डॉक्टरांना विचारून ती उरकून घ्या, हुंदडणं आणि गाड्यांखाली सापडणं दोन्ही कमी होतं. आणि थंडी-पावसात मांजरं उबेला इंजिनापाशी जाऊन बसतात, म्हणून गाडी चालू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारायची सवय गल्लीतल्या सगळ्यांनाच लावा.